सेल्फ फिरतो, गाडी मात्र ढिम्म: १९६९च्या एमजीबीबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही लेस्टरला राहता, गेल्या सप्टेंबरात १९६९ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची दोन सीटची जुनी इंग्लिश गाडी, घेतलीत, दोन महिने हौसेनं फिरवलीत आणि नोव्हेंबरात गॅरेजमध्ये झाकून ठेवलीत. मार्चमध्ये कव्हर काढलं तर सेल्फ झकास फिरतोय, पण इंजिन पकडत नाही. पहिल्या दिवशी एकदा खोकल्यासारखी झाली, नंतर तेही नाही. मग तुम्ही प्लग, प्लगच्या वायरी, कॉइल (ठिणगीचा जोरदार करंट तयार करणारी), पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे दोन कॉन्टॅक्ट), कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटरची (तो करंट चारही प्लगना वाटणाऱ्या भागाची) कॅप आणि त्यात फिरणारा रोटर असं सगळं मागवलंत आणि एका रविवारी बसवून टाकलंत. तरी गाडी ढिम्म. आता विचारताय, की इलेक्ट्रॉनिक इग्निशन (पॉइंटच्या जागी बसणारं किट) घालू की कार्बोरेटर उघडू?

दोन्ही नको. निदान या आठवड्यात तरी काही विकत घेऊ नका.

तुम्ही ओघात दोन वाक्यं लिहून गेलात, आणि माझ्या मते सगळं त्यातच आहे. एक: ‘पहिल्या दिवशी प्लग काढले तर कोरडे होते, ब्लॉकला टेकवून सेल्फ मारला तर बारीकशी ठिणगी दिसली.’ दुसरं: ‘नवे पार्ट घातल्यापासून ठिणगीच दिसत नाही.’ आता ही दोन शेजारी शेजारी ठेवून बघा. मार्चमध्ये गाडीला करंट होता, पेट्रोल नव्हतं. म्हणजे दोष पेट्रोलच्या बाजूला होता. तुम्ही मात्र बदललं सगळं करंटच्या बाजूचं, आणि त्या कामात एक नवा दोष घातला गेला. आज तुमच्या गाडीत एक नाही, दोन दोष आहेत. एक थंडीत झालेला, एक त्या रविवारचा. दोघांना एकत्र शोधायला गेलात तर एकही सापडणार नाही, कारण एक दुरुस्त केला तरी दुसऱ्यामुळे गाडी बंदच राहते आणि आपल्याला वाटतं, हेही नव्हतं.

माझ्याबद्दल दोन शब्द, म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल. मी मूळचा मिरजेचा. वडिलांचं गॅरेज होतं, काम मुख्यतः अ‍ॅम्बेसेडर टॅक्सींचं. गेली तेवीस वर्षं कॉव्हेंट्रीजवळ जुन्या इंग्लिश गाड्या दुरुस्त करतो. इथे आल्यावर पहिल्यांदा एमजीबीचं बॉनेट उघडलं तेव्हा परक्या गावात शाळेतला वर्गमित्र भेटावा तसं झालं. अ‍ॅम्बेसेडरमध्ये जे १४८९ सीसीचं इंजिन होतं ते बीएमसी या इंग्लिश कंपनीचं बी-सिरीज. एमजीबीत तेच घराणं, फक्त १७९८ सीसीचं. झडपांचं झाकण, डिस्ट्रिब्युटरची जागा, १-३-४-२ ही फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम), सगळं ओळखीचं. हात आपोआप योग्य जागी गेले.

वडिलांकडे गाडी ओढून आणली की बॉनेट उघडायच्या आधी ते ड्रायव्हरला एकच विचारायचे: ‘शेवटचा हात कुणाचा लागला?’ ड्रायव्हर म्हणायचा, कुणाचाच नाही. मग चहा यायचा. चहा संपेपर्यंत कळायचं की काल जयसिंगपूरला कुणीतरी पॉइंट घासून दिले होते. तुमच्या गाडीला शेवटचा हात तुमचाच लागलाय, तेव्हा रागावू नका, पण सुरुवात तिथूनच करायची. जो दोष शेवटी आला तो आधी काढायचा.

त्याआधी सेल्फबद्दल एक खात्री. ‘झकास फिरतो’ हे तुम्ही लिहिलंत, पण नव्या मालकाला एमजीबी किती वेगानं फिरायला हवी हे माहीत असतंच असं नाही. १९६९च्या गाडीत १२ व्होल्टची एक बॅटरी नसते. सीटच्या मागे गालिच्याखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन असतात, एकमेकींना जोडलेल्या. आधीच्या मालकानं एकच मोठी बसवलेली असेल तर गोष्ट वेगळी. मीटर लावा: सेल्फ फिरत असताना बॅटरीवर साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली जाऊ नये. आणि सेल्फ मारताना चोकची केबल गरम लागते का, हेही बघा. हसू नका. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिनापासून बॉडीपर्यंत अर्थिंगची पट्टी लागते. एका हौशी माणसाची नव्यानं रंगवलेली गाडी माझ्याकडे आली होती; पट्टीच्या खाली सुंदर चकचकीत रंग, त्यामुळे अर्थ मिळेना. सेल्फचा सगळा करंट चोकच्या केबलमधून परत जायचा. तिसऱ्या वेळी सेल्फ मारला तेव्हा डॅशबोर्डखालून धूर आला. तुमची तशी नसावी, पण हात लावून बघायला पाच सेकंद लागतात.

आता करंट. एक टेस्ट लॅम्प लागेल. १२ व्होल्टचा साधा बल्ब आणि दोन वायरी, एका टोकाला क्लिप. मीटर असला तरी इथे बल्बच बरा, कारण तो लुकलुकताना दिसतो.

कॉइलवर दोन बारीक टर्मिनल असतात. एकावर पांढरी वायर येते, ती चावीतून येणारा करंट आणते. दुसऱ्यावरून पांढरी-काळी वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते. तुमची गाडी १९६९ची असल्यानं मुळात निगेटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं वजा टोक बॉडीला जोडलेलं, म्हणून पांढरी वायर अधिक चिन्हावर आणि पांढरी-काळी वजा चिन्हावर हवी. (१९६७पर्यंतच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या. कुणी जुनं पुस्तक बघून उलटं सांगितलं तर ऐकू नका.) चावी चालू करा, लॅम्पची क्लिप बॉडीवर कुठेतरी उघड्या धातूला लावा आणि दुसरं टोक पांढऱ्या वायरीच्या टर्मिनलला. बल्ब लागला पाहिजे. नाही लागला तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर सगळे निर्दोष आहेत आणि करंटच तिथवर येत नाही. अशा वेळी लोक चावीचा स्विच बदलतात. तुम्ही टॅकोमीटरच्या (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरच्या) मागे बघा. १९७२पर्यंतच्या एमजीबीत कॉइलकडे जाणारा करंट टॅकोमीटरमधून फिरून जातो, आणि मागचा एक जोड सैल झाला तर गाडी बंद. डॅशबोर्डखाली रेडिओ बसवताना कुणाचा हात लागला असेल तर हा जोड हमखास सुटतो.

पांढऱ्या वायरीवर बल्ब लागला असं धरू. आता तेच टोक दुसऱ्या टर्मिनलवर, पांढऱ्या-काळ्या वायरीच्या बाजूला लावा, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. घरात कुणी मोकळं नसेल तर चौथा गिअर टाकून गाडी हळूहळू पुढे ढकला, इंजिन त्यासोबत फिरतं. बल्ब लुकलुकला पाहिजे: पॉइंट उघडले की लागतो, मिटले की विझतो. या एका बल्बमध्ये तीन उत्तरं आहेत. लुकलुकतोय म्हणजे पॉइंटपर्यंत सगळं ठीक, दोष पुढे, कॉइलच्या जाड वायरीच्या बाजूला. सतत लागलेलाच आहे म्हणजे पॉइंट मिटतच नाहीत, किंवा मिटतात पण त्यांच्यातून करंट जात नाही. सतत विझलेलाच आहे म्हणजे पॉइंट उघडतच नाहीत, किंवा उघडूनही करंट दुसऱ्याच वाटेनं बॉडीत जातोय.

माझी पैज तिसऱ्यावर. का ते सांगतो.

डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, रोटर वर ओढून काढा. हलणाऱ्या पॉइंटची पितळी स्प्रिंग एका खांबाला अडकवलेली दिसेल. त्या खांबावर एक छोटंसं प्लास्टिकचं बूच असतं, टोपीसारखं. आतली काळी वायर आणि कंडेन्सरची वायर, दोघींच्या टोकाला गोल पत्रे असतात. हे दोन्ही पत्रे स्प्रिंगला टेकले पाहिजेत, पण खांबाला किंवा वरच्या नटला लागता कामा नयेत. म्हणजे पत्रे बुचाच्या बाहेरून बसवायचे. नवखा माणूस काय करतो, आधी बूच घालतो, मग पत्रे त्याच्या वर ठेवतो आणि नट आवळतो. दिसायला अगदी व्यवस्थित. पण आता करंट खांबातून थेट बॉडीत चाललाय, पॉइंट उघडोत की मिटोत. कॉइलला कधी तुटलेला करंट मिळतच नाही आणि तो तुटल्याशिवाय ठिणगी पडत नाही. हे मी स्वतः वयाच्या सोळाव्या वर्षी एका टॅक्सीवर केलंय. गिऱ्हाईक समोर उभं होतं, वडिलांनी काही न बोलता माझ्या हातातला पाना काढून घेतला.

पत्रे बरोबर असतील तर तिथेच आणखी दोन गोष्टी बघा. एक, पॉइंटमधलं अंतर: कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली आणून ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. फिलर गेज (फट मोजायची पट्टी) नसेल तर घ्या, एवढा एक खर्च मान्य. दोन, आतल्या फळीपासून डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीपर्यंत जाणारी कापडी वेणीसारखी बारीक अर्थिंगची वायर. ती पन्नास वर्षं व्हॅक्युमच्या ओढीसोबत मागेपुढे हलत आलेली असते आणि पॉइंट बदलताना नेमकी तेव्हाच तुटते. ती तुटली तर बल्ब सतत लागलेला राहतो. नव्या पॉइंटवर कारखान्याचा तेलकट थर असतो, त्यानंही हेच होतं. जाडसर कोरा कागद दोन पॉइंटच्या मधून दोनदा ओढा, पुरे.

हे करताना चावी चालू ठेवून चहाला जाऊ नका. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइलमधून सतत करंट वाहतो आणि ती भाजते. यावरून आठवलं, तुमची नवी कॉइल मीटरवर मोजा. दोन बारीक टर्मिनलच्या मधे साधारण ३ ओहम यायला हवेत. दीडच्या आसपास आले तर ती बॅलास्टवाल्या (वायरीत जादा रेझिस्टन्स असलेल्या) नंतरच्या गाड्यांची कॉइल आहे. तुमच्या गाडीत ती चालेल, ठिणगीही जोरात देईल, आणि काही दिवसांत पॉइंट जाळेल. ‘स्पोर्ट्स’ नावानं विकल्या जाणाऱ्या कॉइलमध्ये दोन्ही प्रकार येतात. डबीवरच्या नावापेक्षा मीटर खरा.

बल्ब लुकलुकतोय तरी प्लगला करंट नाही, असं झालं तर संशय रोटरवर. कॅपच्या मधोमध जी जाड वायर येते ती कॅपमधून काढा, इन्सुलेट केलेल्या पक्कडीनं धरा आणि तिचं टोक जागेवर बसवलेल्या रोटरच्या पितळी पट्टीपासून तीन-चार मिलिमीटर वर ठेवा. चावी चालू करून पॉइंट स्क्रूड्रायव्हरनं उघडा. वायरीतून रोटरवर ठिणगी उडाली तर रोटर आतून फुटलेला आहे आणि करंट दांड्यातून खाली उतरतोय. चांगला रोटर ठिणगी घेत नाही, कारण तिला पुढे जायला वाट नसते. गेल्या काही वर्षांत नवे रोटर आणि नवे कंडेन्सर यांचा दर्जा इतका घसरलाय की माझ्याकडे डबीतून काढल्या काढल्या मेलेले निघतात. म्हणून नवा पार्ट आहे म्हणजे चांगलाच असणार, हे गृहीत धरायचं मी कधीच सोडून दिलं. तुमचा जुना रोटर आणि जुना कंडेन्सर नोव्हेंबरापर्यंत गाडी चालवत होते. त्यांच्याविरुद्ध पुरावा काय?

प्लगच्या वायरी सगळ्या एकदमच बदलल्या असतील तर क्रमही तपासा. रेडिएटरच्या बाजूचा एक नंबर. रोटर वरून बघता घड्याळाच्या उलट फिरतो. घड्याळाच्या दिशेनं १-३-४-२ लावलंत तर एक आणि चार बरोबर बसतात, दोन आणि तीनची अदलाबदल होते. मग गाडी पकडल्यासारखी करते, कार्बोरेटरमधून बॅक मारते. तुमची खोकतही नाही, तेव्हा आत्ता हा मुद्दा नाही, पण करंट परत आला आणि फटाके वाजायला लागले तर हा परिच्छेद आठवा.

करंट आला? आता मूळ दुखण्याकडे. थंडीत काय झालं?

तुम्ही कार्बोरेटर उघडायचं म्हणताय. नका उघडू, आणि त्याचं कारण साधं आहे. तुमच्या गाडीला एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर आहेत, प्रत्येकाची पेट्रोल साठवणारी फ्लोटची वाटी वेगळी, वाटीत पेट्रोल सोडणारी-अडवणारी सुई वेगळी. पुढचा पहिल्या दोन सिलिंडरना पाजतो, मागचा मागच्या दोघांना. एकाची सुई अडकली असती तर दोन प्लग कोरडे आणि दोन ओले निघाले असते. चारही कोरडे होते. दोन कार्बोरेटर एकाच रात्री आजारी पडत नाहीत. दोष दोघांच्या मागे आहे, जिथे वाट एकच असते.

अपवाद एकच, चोक. या कार्बोरेटरमध्ये चोक म्हणजे हवेचं झाकण नसतं. दांडी ओढली की खालचा जेट (पेट्रोलची बारीक नळी) खाली सरकतो आणि जास्त पेट्रोल सोडतो. दोघांचे जेट एकाच केबलवर. ती घसरली तर दोन्हीकडे पेट्रोल कमी पडतं आणि थंड इंजिन पकडत नाही. कुणाला तरी चोक ओढायला सांगा आणि कार्बोरेटरच्या खालून बघा, दोन्ही जेट खाली येतात का. अर्ध्या मिनिटाचं काम.

आणि मग पंप. इथे अ‍ॅम्बेसेडर आणि एमजीबी वेगळ्या होतात. अ‍ॅम्बेसेडरचा पंप इंजिनावर, कॅमनं चालणारा; हातानं दोनदा दाबला की पेट्रोल वर. एमजीबीचा पंप विजेचा, मागे उजव्या चाकाच्या पुढे, गाडीच्या पोटाखाली. चावी चालू केली, सेल्फ न मारता, की तो टिकटिक करायला लागतो, सुरुवातीला भराभर, मग हळू, मग वाट्या भरल्या की गप्प. हा आवाज मला इंजिनाच्या आवाजाइतकाच आवडतो. तुम्ही संपूर्ण प्रश्नात त्याचा उल्लेखच केला नाहीत, म्हणून मला वाटतं तुम्ही तो मार्चपासून ऐकलेलाच नाही.

गॅरेजचं दार उघडा, रेडिओ बंद करा, चावी चालू करा आणि मागे जाऊन ऐका. टिकटिक आली आणि थांबली तर पंप जिवंत. टिकटिक थांबतच नाही तर टाकी रिकामी, किंवा पंपाच्या अलीकडची नळी हवा ओढतेय, किंवा कुठेतरी पेट्रोल गळतंय. आधी वास घ्या, मग पुढे जा. अजिबात आवाज नाही तर पंपाच्या टर्मिनलवर टेस्ट लॅम्प लावा. बल्ब लागतोय आणि पंप गप्प आहे, तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पंपाच्या अंगावर टकटक करा. दहापैकी सात वेळा तो दचकून जागा होतो. आत पॉइंटसारखेच दोन छोटे कॉन्टॅक्ट असतात, गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की त्यांच्यावर थर चढतो आणि पंप गप्प बसतो. टोकाची काळी बेकेलाइटची टोपी काढून (आधी बॅटरीची वायर सोडा) बारीक पॉलिश पेपर कॉन्टॅक्टच्या मधून ओढला की काम होतं. ठोकून चालू झालेला पंप पुन्हा झोपणार हे मात्र नक्की, तेव्हा ते काम पुढे ढकलू नका. मोटरवेवर पावसात चाकाशेजारी आडवं पडून पंप ठोकायचा अनुभव मला आहे. तो कुणालाही येऊ नये.

बल्बच लागत नसेल तर पंपाची वायर. तीही पांढरीच, चावीतूनच येते, फक्त टॅकोमीटरला वळसा न घालता. म्हणून पंप टिकटिकतोय पण कॉइलला करंट नाही, असं असेल तर चावी निर्दोष आणि दोष टॅकोमीटरच्या आसपास. आणि दोघांनाही नाही तर चावी. मुळात या दोन्हींना कारखान्यानं फ्यूज दिलेला नाही, त्यामुळे फ्यूज बॉक्समध्ये शोधत बसू नका. मागच्या एखाद्या मालकानं वायरीतच एखादा घातला असेल, किंवा चोरांच्या भीतीनं सीटखाली लपवलेला स्विच बसवला असेल. हे मी इथून सांगू शकत नाही. या गाड्या १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं अ‍ॅबिंग्डनला बनल्या, पाच लाखांहून जास्त, आणि माझ्या मते कारखान्यातून निघाली तशी वायरिंग असलेल्या त्यातल्या फारच थोड्या उरल्यात. तुम्हाला गाडी विकणाऱ्याला फोन करून सरळ विचारा: कुठे लपवलेला स्विच आहे का? सीट मागेपुढे सरकवताना तो दबला गेला असं मी दोनदा बघितलंय.

पंप टिकटिकला की पेट्रोल खरोखर वर येतं का हे मोजा. इंजिन पूर्ण थंड, दार उघडं, आग विझवायचा सिलिंडर हाताशी. कॉइलची पांढरी वायर काढून टोकाला टेप गुंडाळा, कारण त्या टोकात करंट असतो आणि पेट्रोलजवळ ठिणगी नको. कार्बोरेटरकडे येणारी नळी काढून काचेच्या बाटलीत सोडा, चावी चालू करा. मिनिटाला निदान अर्धा लिटर यायला हवं. बाटलीत आलेलं पेट्रोल उजेडात धरून बघा आणि वास घ्या. तळाशी पाण्याचा थेंब, गंजाची भुकटी किंवा वार्निशसारखा आंबट वास असेल तर टाकी रिकामी करण्यावाचून उपाय नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साधं पेट्रोल म्हणजे ई-१०, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते ओलावा ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या आतून सोलून काढतं. त्या सालपटांनी पंपाची जाळी तुंबते. सुपर प्रकारातलं ई-५ अजून मिळतं, तेच भरा, आणि नळ्या बदलताना आर-९ असं छापलेल्या घ्या.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं विचारलंत म्हणून सांगतो, मी त्याच्या विरोधात नाही. चांगलं बसवलं तर वर्षानुवर्षं हात लावावा लागत नाही. पण बंद गाडीवर ते बसवणं म्हणजे आणखी एक अनोळखी माणूस घरात घेणं. शिवाय १९६९चा टॅकोमीटर करंटवर चालतो, काही किटसोबत तो वेड्यासारखा वागतो. आधी गाडी पॉइंटवर चालू करा, एक उन्हाळा चालवा, मग ठरवा. पॉइंट रस्त्याच्या कडेला नखं घासायच्या कानशीनं साफ करता येतात. इलेक्ट्रॉनिक किट मेलं तर ओढून आणणाऱ्या गाडीला फोन.

शनिवारी सकाळी कसं करायचं ते एकदा ओळीनं लिहितो. चावी चालू करून पंपाचा आवाज ऐका, त्यात चावी आणि पंप दोघांची खबर लागते. मग कॉइलच्या दोन टर्मिनलवर बल्ब. मग डिस्ट्रिब्युटर उघडून ते दोन पत्रे आणि बूच. ठिणगी परत आली, आणि ती निळी, कडक हवी, पिवळी नको, की पेट्रोलची बाटली. मधे काही बदललं तर एका वेळी एकच, आणि बदलून झालं की पुन्हा बल्ब. सगळं जमलं आणि आता पेट्रोलचा वास यायला लागला पण गाडी पकडत नाही, तर ती ओव्हर झालीय, म्हणजे पेट्रोल जास्त झालंय. चोक आत, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. करंट आहे, पेट्रोल आहे, प्लग ओले आहेत आणि तरीही नाही, तेव्हा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजू. चारही सिलिंडर दीडशे पीएसआयच्या आसपास आणि एकमेकांच्या जवळ असले की झालं. पण पाच महिन्यांपूर्वी नीट चालणारी गाडी झाकून ठेवल्यानं कॉम्प्रेशन घालवत नाही, म्हणून ते मी शेवटी ठेवलंय.

बल्ब लुकलुकला, लागून राहिला की विझून राहिला, आणि पंपानं आवाज दिला का, एवढं कळवा. तेवढ्यावरून पुढचं सांगता येईल. आणि त्या रविवारी काढलेले जुने पार्ट अजून कचऱ्याच्या डब्यात असतील तर आत्ताच बाहेर काढून ठेवा. त्यातला कंडेन्सर आणि रोटर तुम्हाला परत लागणार आहेत.